घड्याळजीची चिठ्ठी

३ मार्च

चार महिने या वहीत एक ओळ नाही. माफी असावी. ‘वेळ मिळाला नाही’ असं आधी लिहिलं होतं, ते खोडलं. वेळ होता. आजपासून रोज दहा ओळी.

मेहुण्याला आपल्याकडे येऊन तीन आठवडे झाले. त्याच्या घराची दुरुस्ती चालू आहे. माणूस मनाने चांगला. पण ओला टॉवेल खुर्चीवर, चपला वाटेत, टूथपेस्ट मधोमध दाबलेली. मी काही बोललो नाही. बाथरूमच्या दारावर फक्त चिठ्ठी लावली: ‘टॉवेल कृपया दोरीवर.’ प्रूफरीडरची चिठ्ठी, शुद्धलेखनाला बोट ठेवायला जागा नाही.

५ मार्च

(काल राहिलं.) बायको म्हणाली, तो भाड्याची खोली शोधतोय. वडील गेल्यापासून भाऊ पहिल्यांदाच इतके दिवस राहिलाय, तो तुझ्यामुळे गेला तर मला फार लागेल, एवढंच सांगते. माझ्यामुळे? प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. त्याला मी एका शब्दानेही बोललेलो नाही. चिठ्ठ्या मोजल्या. सहा.

६ मार्च, सकाळी

उपाय सापडला. कॉलेजात असताना पाहिलेला एक जुना विनोदी सिनेमा. तेव्हा पडला, आज कुणाला आठवतही नाही, पण काय सिनेमा होता! शिस्तीचा घड्याळजी आणि गबाळा ट्रकवाला मिळून एक भलंमोठं घड्याळ दूरच्या गावी पोचवतात. अकरा वेळा पाहिलाय. (सात.) ट्रकवाल्यात मेहुण्याला स्वतःचा चेहरा दिसेल आणि तो हसत हसत सुधारेल, कारण शेवटी ट्रकवाला सुधारतो. शेवटची दहा मिनिटं मी पाहिलेली नाहीत, होस्टेलचं गेट साडेनऊला बंद व्हायचं. पण दुसरं काय होणार?

७ मार्च

डिस्क मिळाली. मेहुण्याला रविवारी दुपारी तीनचं रीतसर निमंत्रण दिलं. तो म्हणाला, भावजी, मी घरातच असतो, तिकीट काढून येऊ का. विनोदबुद्धी आहे, म्हणजे काम सोपं.

संकल्प: सिनेमा चालू असताना मधे एकदाही बोलायचं नाही.

९ मार्च, रविवार, संध्याकाळी सहा

पाच वेळाच पॉज केलं. काही विनोद समजावून द्यावे लागतात. पाचव्या वेळी मुलीने रिमोट काढून घेतला.

सिनेमा अजून तितकाच ताजा. ट्रकवाला घड्याळावर मायेने घोंगडी टाकतो, घड्याळजी दर थांब्यावर तिची घडी घालतो. पुढचा सीन मात्र मी साफ विसरलो होतो. ट्रकचं दार आपटतं, म्हणून घड्याळजी तोंडाने काही न बोलता दारावर चिठ्ठी डकवतो: ‘दार कृपया हळू.’

मेहुण्याला हसून ठसका लागला. तरी त्याने बाथरूमकडे पाहिलं नाही, हा त्याचा मोठेपणा. मुलीने पाहिलं. मग बायकोने. मी म्हणालो, ‘कृपया’ हा मुळात सौजन्याचा शब्द आहे. त्यावर तिघं पुन्हा हसले.

ट्रकवाला सुधारत नाही. घड्याळ पोचतं, दहा मिनिटं मागे पडलेलं. घड्याळजी ते तसंच राहू देतो, ट्रकवरची चिठ्ठी काढतो, दार धाडकन आपटतो आणि शेजारी जाऊन बसतो. वीस वर्षं मी चुकीचा सिनेमा आवडून घेत होतो. खरा जास्त चांगला आहे.

मेहुणा म्हणाला, भावजी, घड्याळजी लाख माणूस आहे. आणि उद्या नऊला खोली बघायला जातोय, हेही म्हणाला. बायकोने माझ्याकडे पाहिलं. ‘राहा की इथेच’ एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, डिस्क कव्हरमध्ये नीट ठेव.

साडेसहा

सहाही चिठ्ठ्या काढल्या. एक नवी लिहिली: ‘कृपया राहावे.’ शुद्धलेखन तपासलं. फाडली.

उद्या: नऊच्या आत त्याला तोंडाने सांगणे.