छातीच्या पत्र्याचं माप

१४ जून

एक ठोका वाया गेला. एकच, पण नेमका मधोमध! पत्र्यात खड्डा पडला आणि मी भर दुपारी शेडमध्ये एकटाच शिव्या देत बसलो. कोणाला? पत्र्याला!

नोकरीभर साखर कारखान्यात पत्राच वाकवला. टाक्या, नळ, झाकणं. पण सपाट पत्र्याला माणसाच्या छातीचा फुगवटा आणायचा, तोही साच्याशिवाय, नुसत्या हातोड्यानं – हे प्रकरण निराळं आहे. निवृत्तीनंतर मोबाइलवर पोलंडच्या यानुश नावाच्या कारागिराचा व्हिडिओ पाहिला आणि खूळ डोक्यात शिरलं. युरोपातले जुने सरदार घालत तसलं पोलादी चिलखत. सोलापुरात! जूनमध्ये! कस्तुरा म्हणाली होती, "ह्ये घालून दूध आणाया जाणार हाय का?"

आता म्हणायला ती इथे नाही. आमच्या लेकीची, अंकिताची, बाळंतपणाची रजा संपली, नातवाला सांभाळायला पुण्यात बाई मिळेना. थोडे दिवस म्हणून एप्रिलात गेली.

१५ जून

जाण्याआधी माप मात्र तिनंच घेतलं. चिलखताचं माप स्वतःचं स्वतःला घेता येत नाही. हात हलवला की छाती हलते. तिनं आधी जुन्या गोधडीची जाड बंडी शिवली, कारण पत्रा नुसत्या अंगावर घालत नाहीत. ती मला घालून वरून फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा गुंडाळला, टाचण्या टोचल्या, खडूनं रेघा मारल्या. गल्लीतल्या सगळ्या बायकांचे झंपर हीच शिवते, तोच थाट. "हात वर करा. श्वास सोडा. पोट आत वडू नगा, हाय तेवढं दावा!"

तो पुठ्ठा शेडमध्ये खिळ्याला टांगलाय. त्यावरूनच पत्रा कापतो.

२३ जून

शिवप्पाकडे गेलो. हा अक्कलकोटकडचा, देवांचे पितळी मुखवटे घडवतो. म्हटलं पितळ काय, पोलाद काय, फुगवटा तो फुगवटा. त्यानं माझा पत्रा उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "मधी कशाला मारलाव? कडंनं या. निधान, निधान." म्हणजे सावकाश. त्याच्याकडे बाभळीचा ओंडका आहे, वर वाटीसारखा खोलगट झिजलेला. त्यावर पत्रा ठेवायचा, कडेपासून गोल गोल ठोकत आत यायचं. पत्रा कडक झाला, ठोका टणकन उडायला लागला, की भट्टीत लाल करून राखेत हळू निवू द्यायचा. मग परत ऐकतो.

दुपारी जेवायला थांबा म्हणाला. उगाच नको म्हटलं. घरी येऊन कडक भाकरी, शेंगा चटणी, दही. सध्या हेच. एकट्यासाठी कुकर कोण लावतो?

२ जुलै

फुगवटा आला! कोणाला दाखवू?

३ जुलै

मोबाइल डब्यांच्या चळतीवर टेकवून व्हिडिओ केला. शिवप्पानं शिकवलेलं सगळं सांगितलं – कडेनं ठोका, लाल करा, राखेत निववा. हे मराठीत कुणीच सांगत नाही, म्हणून मीच. कस्तुराला पाठवला. तिनं अंगठा पाठवला.

९ जुलै

व्हिडिओखाली दोन जण बोललेत. एक – "काका, भारी!" दुसरा – "काका, घरचे कुठे गेलेत?"

दुसऱ्याला उत्तर दिलं नाही.

२१ जुलै

व्हिडिओ कॉल आला. कस्तुरा मोबाइल सारखा नातवाकडेच धरते. तो रांगतोय, मागून हिचा आवाज. "बगा, बगा की! आजोबाला टाटा कर!" मी म्हटलं तू दिस की जरा. तर म्हणे, "माजं काय बगायचं हाय?" आणि परत नातू. अंकिता मधेच डोकावून म्हणाली, "आप्पा, आई इथे मस्त रुळलीय."

असेल. लिफ्ट आहे, बाग आहे, संध्याकाळी बायका जमतात. इथे काय आहे? मी आणि टणटणाट!

"जेवला का?" "जेवलो." "बरं हाय नव्हं?" "एकदम झकास!" रोजचं ठरलेलं.

४ ऑगस्ट

पट्ट्यांचं काम केलं. छातीचा पत्रा आणि पाठीचा पत्रा, दोन्ही खांद्यावर आणि कुशीत कातडी पट्ट्यांनी जोडायचे. पट्ट्यांना भोकं पाडली, बक्कल लावली. हातात दाभण होतंच, तर माझ्या विजारीच्या पट्ट्यालाही एक भोक पाडून टाकलं. कातडं सैल पडलंय. हल्ली मालच तसला येतो.

२५ ऑगस्ट

आज घालून पाहिलं. खांद्याची आणि कुशीतली बक्कलं स्वतःला लावता येत नाहीत, म्हणून शेजारच्या पंचाक्षरीला हाक मारली. तो आला, हसून हसून बेजार झाला, पण लावली.

सैल!! चांगलं सैल! खांद्यावरून खाली सरकतं, चाललं की छातीवर खडखड वाजतं. पंचाक्षरी म्हणाला, "रावजी, ह्येच्यात अजून एक माणूस बसतंय की!"

तो गेल्यावर पत्रा पुठ्ठ्यावर ठेवून पाहिला. रेघेला रेघ. म्हणजे माझा हात चुकला नाही. पुठ्ठाच चुकला.

२६ ऑगस्ट

कस्तुराशी भांडलो.

मी म्हटलं, "माप सैल घेतलंस." ती म्हणाली, "अंगाला लागून घेतलं व्हतं की!" मी म्हटलं, झंपर नव्हे हा, पत्रा आहे, याला शिलाई नाही आत घ्यायला. नको ते बोललो. ती एकदम चढली. "आख्खी गल्ली माज्याकडं शिवती! माप कदी चुकलं न्हाय माजं! तुमचं तुमी घ्या माप!" आणि फोन ठेवला.

माझं मी कसं घेऊ? तेच तर येत नाही ना!

२९ ऑगस्ट

यानुशला विचारलं. मोबाइल त्याचं मराठी करून देतो, माझं त्याच्या भाषेत. त्याचं उत्तर – अंगाचं माप पुन्हा घेतलंस का?

हा पण तिच्याच बाजूचा! सगळ्या बाजूंनी दोन बोटं कमी करून नवा पत्रा कापला. माप-बीप काही नाही, अंदाजानं. खंडेनवमीपर्यंत उरकायचाच. दसऱ्याला कस्तुरा येणार आहे, तेव्हा तिच्यासमोर घालून उभा राहतो. बघ म्हणावं!

१९ सप्टेंबर

दुसरा पत्रा शिवप्पाच्या ओंडक्यावर निम्मा झालाय. हात बसलाय आता. पण लवकर दमतो. थोडं ठोकलं की बसावंसं वाटतं.

गणपती आले, गेले. मखर काढलंच नाही. एकट्यानं आरती म्हणताना आपलाच आवाज नकोसा होतो.

५ ऑक्टोबर

अंकिताचा फोन. "आप्पा, आई म्हणतीये की आता दिवाळीलाच येईल. दसऱ्याला येऊन परत लगेच निघायचं, दगदग होते." कस्तुरा स्वतः फोनवर आली नाही. भांडणानंतर आमचं "जेवला का, जेवलो" एवढंच चालू आहे.

म्हटलं, येऊ दे सावकाश. माझं काय अडलंय!

खोटं. फार अडलंय. दिवसभर कोणी नावानं हाक मारत नाही. हातोडा खाली ठेवला की घर एवढं गप्प होतं, की परत उचलतो. एवढा पत्रा मी काही हौसेनं ठोकत नाहीये, हे आता कळायला लागलंय.

११ ऑक्टोबर, खंडेनवमी

सकाळी हातोडे, कातरी, ऐरण धुऊन मांडलं. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. शिवप्पाला बोलावलं होतं, बक्कलं लावायला आणि व्हिडिओ धरायला.

घातलं. परत सैल!

मी तर खालीच बसलो. शिवप्पानं मोबाइल ठेवला. माझ्या छातीत आणि पत्र्यात हात घातला. मूठ सहज मावली. मग तो पत्र्याकडे बघेना, माझ्याकडेच बघायला लागला. खिळ्यावरचा पुठ्ठा काढला, चिलखत उतरवायला लावलं, बंडीवरून पुठ्ठा गुंडाळला. त्याची दोन्ही टोकं एकमेकांवरून पार पुढे गेली.

म्हणाला, "देवाचं माप बदलत न्हाय, म्हणून माजं बरं चालतंय. रावजी, तुमी कुटं गेलाव?"

इतक्या दिवसांत पुठ्ठा एकदाही परत अंगाला लावून पाहिला नाही. पत्रा मोजला, कातडं मोजलं, तिला बोललो. ज्याच्यावर बसवायचं, तो सोडून सगळं तपासलं.

शिवप्पा आज ऐकेना. घरी घेऊन गेला. त्याच्या बायकोनं पुरणपोळी वाढली. जेवताना डोळ्यांत पाणी आलं, तिखटानं म्हणालो. पुरणपोळी खाताना!

१२ ऑक्टोबर

दसरा. आरशापुढे बंडी काढून उभा राहिलो. फासळ्या. आणि विजारीच्या पट्ट्याला मी पाडलेली भोकं एक नाही, बरीच आहेत.

सोनं द्यायला शिवप्पा आला. पंचाक्षरी आला. बास.

१५ ऑक्टोबर

डॉक्टरकडे जाऊन आलो. रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला. काही नाही. "नीट जेवा, चार माणसांत बसा," म्हणाले. औषध विचारलं तर हेच परत म्हणाले.

१६ ऑक्टोबर

व्हिडिओ केला. सैल पत्रा घालूनच उभा राहिलो. सांगितलं – पत्रा कापण्याआधी पुठ्ठा परत अंगाला लावून बघा. माझं चुकलं, तुम्ही करू नका. यानुशनंही सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.

कस्तुराला पाठवला नाही. तिला व्हिडिओत सांगायची गोष्ट नाही ही.

१७ ऑक्टोबर

फोन लावला. "जेवला का?" म्हणाली. मी म्हटलं, "न्हाय. कस्तुरा, माप तुजं बरूबर हुतं. मीच वाळलोय. हितं मला करमत न्हाय तुज्याबिगर."

पलीकडे नातू कुरकुरत होता. तिनं त्याला चुचकारलं. मग आवाज अगदी बारीक करून, घरात कुणाला ऐकू जाऊ नये तसा – "मी बी माजे समदे झंपर आत घेतलेत की हो."