सत्तावन्न होकार

३ नोव्हेंबर
प्रोफेसरपदाची मुलाखत २८ तारखेला, परभणीला. प्राचार्य म्हणाले, सर, निदान पाच सायटेशन्स लागतील, म्हणजे इतर लेखांत तुमच्या लेखांचे उल्लेख. माझी चार आहेत. तीन मीच माझ्या लेखांत दिलेली. भाषाशास्त्रात आसपास दुसरा जाणकारच नसेल तर माणसाने करायचं काय. चौथं देविदासने दिलं. त्याच्या पीएच.डी.वर माझी सही व्हायची आहे, पण त्याचा इथे संबंध नाही.
फक्त एक हवंय. सहज येईल.

४ नोव्हेंबर
स्टाफरूममध्ये प्राणिशास्त्राचा मुजाहिद. सोयाबीनवरच्या गोगलगायींवर लिहितो, सायटेशन्स तीनशे चाळीस. किळस आली. जिथे भाषेपेक्षा गोगलगायीला मान, तिथे राहावं कशाला. कसं जमतं विचारलं, तर म्हणे, काही न्हाई सर, आमी नुसतं शेतात बसून बघून राहिलो. हाच खरा गोगलगाय अन् पोटात पाय.

७ नोव्हेंबर
संकल्प: रोज पहाटे पाचला उठून दहा विद्वानांना ईमेल. आज साडेआठला उठलो. तरी तीन पाठवले.
सोबत माझा मुख्य लेख जोडला: जवळा बाजारच्या शेतकरी बायांचे सत्तावन्न शब्द. पद्धत शास्त्रशुद्ध. जुन्या कोशातून शब्द काढले, तिथल्या द्वारकाबाईंच्या ओसरीवर बसलो आणि एकेक वाचून विचारलं, हा वापरता का. दर वेळी व्हय म्हणाल्या. सत्तावन्नपैकी सत्तावन्न होकार. असा डेटा जगात कुणाकडे नसेल. दोन चहांत काम संपलं.

१० नोव्हेंबर
एक उत्तर आलं. साहेब रजेवर आहेत, असं त्यांच्या मशीननेच कळवलं. बाकीचे माजलेत.

१४ नोव्हेंबर, रात्री
पाचवं सायटेशन आलं. पुण्याची कोणी कोमल, पीएच.डी. करते. इंग्रजी जर्नल. स्टाफरूममध्ये पेढे वाटले. मुजाहिदला मुद्दाम दोन दिले. संध्याकाळी दारावरची नवी पाटी रंगवायला टाकली. प्रोफेसर हा शब्द मोठ्या अक्षरात.

१७ नोव्हेंबर
नसती कटकट. कमिटीला त्या लेखाचं पान हवंय, माझ्या नावाखाली रेघ मारून. जर्नल फुकट दाखवत नाही. शेवटी मुजाहिदनेच कुठून तरी उतरवून प्रिंट काढून दिली. देताना पाण्याचा ग्लास तेवढा पुढे सरकवला.

१७ नोव्हेंबर, संध्याकाळी
वाचलं. चीड आली.
कोमलबाई लिहितात की त्यांनी दहा शब्द मनानेच बनवले आणि द्वारकाबाईंना विचारले. दहाही वेळा व्हय मिळालं. मग या तीन आठवडे त्यांच्यासोबत खुरपायला गेल्या. ना वही, ना प्रश्न. माझ्या सत्तावन्नपैकी चार शब्द तेवढे ऐकू आले. सबब माझा लेख कुणी आधाराला घेऊ नये.
खुरपायला गेल्या म्हणे. उद्या म्हशी धुतील आणि त्यालाही संशोधन म्हणतील.
तरी सायटेशन ते सायटेशन. मोजणारा थोडाच वाचतो.

२० नोव्हेंबर
खबरदारी म्हणून जवळा बाजारला गेलो. द्वारकाबाईंचा अंगठा घेतला की पुण्याचं तोंड बंद. विचारलं, मला सांगितलेले शब्द खरे होते ना. व्हय म्हणाल्या. मग त्या पोरीला खोटं सांगितलं? व्हय. शंका आली म्हणून उलटं विचारलं, पोरीला सांगितलं ते खरं? त्यालाही व्हय, आणि चहा पुढे केला.
डोकंच फिरलं. म्हटलं, बाई, तुम्ही कधी नाही म्हणतच नाही का. तर म्हणतात, सर, तुमी एवढ्या उन्हाचं आमच्या दारी आलते, एवढं लिहून घेऊन. आल्या माणसाला न्हाई काहून म्हनायचं? तुमाला तकलीफ झाली असती.
कागद कोराच परत आणला. वैताग.

२८ नोव्हेंबर
मुलाखत सहा मिनिटं. त्यांनी ते पान वाचलं होतं. एकाने तर मोठ्याने वाचून दाखवलं. पद मिळालं नाही. पाटी रंगवून तयार आहे, असा पेंटरचा फोन तिथेच आला.
परतताना एसटीतून जवळा बाजारला उतरलो. काम काही नव्हतं. द्वारकाबाईंनी चहा ठेवला. या वेळी कागद काढला नाही. कप खाली ठेवून विचारलं, बाई, माझं काम चांगलं होतं ना.
लगेच व्हय म्हणाल्या.