पापड आणि पाटा

१२ जून १९४३
पुन्हा पापडांचा भुगा!

मोटरीच्या स्प्रिंगला मालट्रकचा पाटा ठोकून जब्बार मिस्त्री म्हणाला, ‘सेठ, आते पालखी शे ही!’ बायकोने, उमरावने, मागच्या सीटवर पापडांची टोपली ठेवायला लावली. स्टेशनपर्यंत जाऊन आलो. पालखीतून उतरला तो चुरा. ‘पापड साबूत येतील त्या दिवशी मी बसेन,’ म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड केलं.

तिचं तरी काय चुकलं? ओट्यावरून पडली तेव्हापासून कंबर गेलेली. डॉक्टर म्हणतात, हिसका बसला तर कायमचं अंथरूण. तिकडे विसरवाडीला तिची आई — ऐंशीची, नजर विझत चाललेली. ‘डोळे आहेत तोवर लेकीचं तोंड दाखवा,’ हा निरोप दर बाजाराला येतो. खांडबाऱ्यापर्यंत आगगाडी, पुढे बैलगाडीच! म्हणून वडिलांची सत्तावीस सालची मोटर मिरच्यांच्या पोत्यांखालून काढली. इंजिन बोललं. मोडली ती मागची कमान — तिचा मुख्य पाटा.

‘सासूबाईंनाच आणा की इकडे!’ — शेजारचे शहाणे. आमच्या मारवाड्यांत आई लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही. आणून काय तहानेने मारू?

१९ जून
मुंबईच्या दुकानदाराचं उत्तर — ‘पाट्याबद्दल लढाई संपल्यावर विचारावे.’
बरं! आधी लढाई संपवून येतो.

२ जुलै
जब्बारने आता टांग्याचा पाटा लावला. मोटर बसली ती उठेना.
‘तुम्हीच नरम सांगं व्हतं ना सेठ! मन्हं काय चुकनं?’

११ जुलै
सबंध पश्चिम खानदेशात हा पाटा एकाकडेच — नथमलशेठ. आमच्यासारखीच मोटर, वर एक जादा पाटा, तेल लावून फडक्यात गुंडाळलेला. आणि मी धुळ्याच्या साप्ताहिकात काय लिहून बसलो? ‘नथमलशेठांची मोटर म्हणजे वरातीची घोडी — सजते, मिरवते, गावाबाहेर जात नाही.’ गाव हसलं होतं. सर्वांत जास्त मी.

जब्बारला पाठवलं. उत्तर आलं — ‘त्यांना म्हणावं, लेखणीचाच पाटा लावा. कुठेही वाकते.’

फर्मास! हे मला सुचायला हवं होतं.

२३ ऑगस्ट
विसरवाडीचा निरोप. सासूबाईंना आता नुसता उजेड कळतो.
उमरावने निरोप पुन्हा सांगायला लावला.

३ सप्टेंबर
उद्या संवत्सरी, आम्हा जैनांचा उपासाचा आणि क्षमेचा दिवस. जो तो हात जोडून एकमेकांची क्षमा मागणार. बेत ठरला — नथमलला ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणायचं आणि हात जोडलेलेच आहेत तोवर पाटा मागायचा.
उमराव म्हणते, ‘क्षमा मागायला चाललात की खरेदीला?’

४ सप्टेंबर
नथमलच्या दारी गेलो. मोटरीची जागा रिकामी! त्याची बायको पानीबाई म्हणाली, ‘ते तर पहाटेच विसरवाडीला गेले.’ विसरवाडीला?

घरी आलो तर घोडी आमच्या दारात — चिखलाने माखलेली. आत उमरावच्या खाटेवर सासूबाई. लेकीच्या कपाळावरून, गालांवरून बोटं फिरवत होत्या. पुन्हा पुन्हा.

उमरावने पानीबाईकडे निरोप धाडला होता. मला न सांगता! मी म्हटलं, ‘पण पाणी?’
‘आज माझा निर्जळ उपास, जवाईजी,’ सासूबाई म्हणाल्या. ‘प्यायचंच नाही, मग कुणाच्या घरचं हे कोण विचारतो?’

तीन महिने मी लोखंड हुडकत होतो. या मायलेकींनी तिथी हुडकली.

नथमलने हात जोडले. ‘घोडी गावाबाहेर जाऊन आली. मिच्छामि दुक्कडं.’
मीही हात जोडले. म्हटलं, मिच्छामि दुक्कडं. पाटा मागायचा राहिला.

उद्याचं पारणं अर्थात नथमलच्या घरी. मग लगेच परत विसरवाडी.

५ सप्टेंबर
नथमलची मोटर दारात येऊन थांबली. उमरावने पडल्यापडल्या मुगाच्या पाण्याची वाटी आईपुढे धरली. मी म्हणणार होतो, अगं, हे आपलं घर! त्याआधीच सासूबाईंनी वाटी तोंडाला लावली. सगळी प्यायल्या.

‘कुणाचं घर आहे, मला कुठे दिसतंय?’

जब्बारला सांगितलं — पाटा राहू दे.