एकोणतीस वेळा (व्यत्यय)

सोमवार, ३ मार्च

प्रिय आत्या,

नमस्कार. घसा आता बरा असेल. सदस्य निवासातलं गरम पाणी सुरू झालं का? नसेल तर तळमजल्यावरच्या देखभालवाल्यांना लेखी कळव, तोंडी सांगून ते हलत नाहीत.

काल फोनवरचं बोलणं अर्धवट राहिलं, म्हणजे तू फोन आपटलास. म्हणून लिहिते.

मंत्री खोटं बोलले असं तू म्हणतेस. गुरुवारी ते काय म्हणाले, शब्दशः देते: "या अधिवेशनाच्या इतिवृत्तात रुग्णालयांच्या वॉर्डांतील परिचारिकांच्या संख्येचा विषय एकाही सन्माननीय सदस्याने मांडलेला दिसत नाही. सबब तो पुढील अधिवेशनाच्या यादीत घेण्याचे कारण उरत नाही." यात खोटं काही नाही. तुझ्या नावाचं पान मी स्वतः उघडून पाहिलं. सहा जानेवारीपासून बत्तीस बैठका झाल्या. तीन दिवस तू आजारी होतीस. उरलेल्या एकोणतीस दिवशी तुझ्या नावापुढे एकच शब्द आहे, कंसात: (व्यत्यय).

हे का होतं ते मी तुला तीन वेळा समजावलंय. सभापतींनी नाव पुकारायचं, मग माईकचा दिवा हिरवा होतो, मग बोलायचं. तू दिवा लाल असताना उभी राहतेस. सभापती म्हणतात, "सिस्टर, बसून घ्या." तू म्हणतेस, "कुठं बसू? अडतीसच्या अडतीस खाटा भरल्यात." सभागृह हसतं. पण हशा इतिवृत्तात जात नाही, आणि न पुकारलेल्या माणसाचं बोलणंही जात नाही. तीस वर्षं तू वॉर्डात काढलीस, तिथं घंटेची वाट न बघता पेशंटचा चेहरा बघून उठायचं असतं, हे मान्य. इथं घंटेची वाट बघायची असते. नियम सगळ्यांना सारखा आहे.

माझ्याकडे नवीन म्हणजे, आज समितीपुढे माझं सादरीकरण झालं. भाषणं ऐकून इतिवृत्त लिहिणारी आमची यंत्रणा आता कायम होणार. त्रुटींचं प्रमाण शंभरात दोनपेक्षा कमी, असं मी दाखवलं. टाळ्या वगैरे नाहीत, पण अध्यक्षांनी मान हलवली.

तब्येत सांभाळ. चिडण्याने रक्तदाब वाढतो, हे तूच सांगायचीस.

तुझी,
भाची


बुधवार, १२ मार्च

प्रिय आत्या,

नमस्कार. मागच्या पत्राला तुझं उत्तर नाही. मंत्र्यांच्या त्या उत्तरानंतर तू सभागृहात एकदाही उठलेली नाहीस. मी वरच्या काचेच्या खोलीतून बघते. तू येतेस, चष्मा पुसतेस, तो घालत नाहीस, आणि अकरा वाजता निघून जातेस. लिफ्टपाशीही थांबत नाहीस.

सोबत दोन कागद आहेत. पहिल्यावर तुझी सही हवी आहे. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता या अधिवेशनाचं इतिवृत्त बंद होतं, त्याच्या आत. आता कारण सांगते. ते सांगायला मला दोन अर्धवट खर्डे फाडावे लागलेत, तेव्हा सलग वाच.

मागच्या पत्रात मी एक आकडा लिहिला आणि एक लिहिला नाही. एकोणतीस वेळा तू बोललीस. त्यातल्या अठरा वेळा तू न पुकारता उठलीस, त्या नियमाप्रमाणे व्यत्ययच आहेत, त्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण अकरा वेळा सभापतींनी तुझं नाव पुकारलं होतं. दिवा हिरवा होता. तू दोन-दोन, एकदा तर चार मिनिटं बोललीस: कुठल्या इस्पितळात किती खाटा, किती सिस्टर, कोणाची पाळी किती तास. तरीही पानावर (व्यत्यय).

चूक यंत्रणेची आहे. म्हणजे माझी.

यंत्रणेला व्यत्यय कसा ओळखायचा ते शिकवावं लागतं. त्यासाठी मागच्या वर्षीच्या ध्वनिफितींतून मी दोनशे नमुने निवडले. खोकणं, बाकं वाजवणं, "लाज वाटू द्या", "बसा हो", असले. त्या दोनशेमधला पहिला नमुना तुझं वाक्य आहे. "सभापती महोदय, अडतीस खाटांना एक परिचारिका, हे अजून किती दिवस?" त्या दिवशी तू ते न पुकारता बोलली होतीस, म्हणून नमुना म्हणून तो चुकीचा नव्हता. पण तू प्रत्येक वेळी सुरुवात त्याच वाक्याने करतेस, हे मी हिशोबात धरलं नाही. सुरुवात नमुन्याशी जुळली की यंत्रणा पुढचं सगळं बोलणं त्याच कप्प्यात टाकते, मग सभापतींनी पुकारलेलं असो वा नसो. तू वाक्य बदललं असतंस, नुसतं "नमस्कार" म्हणून सुरुवात केली असतीस, तरी सगळं नोंदलं गेलं असतं. पण तू कशाला बदलशील.

हे मला पेन्सिलकाकांनी दाखवलं. आमच्याकडचे शेवटचे हाताने लिहिणारे प्रतिवेदक. त्यांना आता कोणी काम सांगत नाही, पण ते रोज सभागृहात बसून लघुलिपीत वह्या भरतात, सवयीने. एक दिवस त्यांनी वही माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "हे वाचता येतं का तुला?"

म्हटलं, "लघुलिपी नाही येत."

"मग ऐक." आणि त्यांनी तुझं चार मिनिटांचं भाषण वाचून दाखवलं, तुझ्या आवाजात, हात हलवत. "तुझ्या यंत्राने याचा एक शब्द केलाय. मी एवढी काटकसर जन्मात केली नाही."

"तुम्ही आधी का नाही विचारलंत?"

"तू विचारायची सोय ठेवतेस का, बाई?" मग जाता जाता म्हणाले, "आत्या आहे ना तुझी?"

मी विचारलं, कशावरून.

"जिना चढताना दोघी पायऱ्या मोजता. ओठ हलतात."

आत्या, हे घडलं बुधवारी, २६ फेब्रुवारीला. मंत्र्यांनी उत्तर दिलं गुरुवारी, २७ ला. मध्ये एक पूर्ण रात्र होती. सचिवांकडे एक ओळ लिहून दिली असती तर मंत्र्यांना ते वाक्य बोलताच आलं नसतं. मी लिहून दिली नाही. सोमवारी समिती बसणार होती. सादरीकरण झालं की सांगू, असं ठरवलं. रविवारी तू फोन केलास तेव्हा मला माहीत होतं. सोमवारी "नियम सगळ्यांना सारखा आहे" हे लिहिलं तेव्हाही. आज चौदा दिवस झाले.

पेन्सिलकाका मात्र कोणाकडे बोलले नाहीत. रोज येतात, वही उघडतात, माझ्याकडे बघतात आणि पेन्सिलीला टोक काढतात. टोक असलेल्या पेन्सिलीला.

आणखी एक गोष्ट आहे. ती अर्जात लिहिण्याची नाही.

तेच वाक्य मी पहिला नमुना म्हणून का घेतलं? कामाच्या टिपणात मी कारण दिलंय: आवाज स्पष्ट, उच्चार ठाम. ते खरं आहे. दोनशे नमुन्यांत तुझ्याइतकं स्वच्छ कोणीच बोलत नाही. पण मला ते वाक्य ऐकायचंच नव्हतं. तू अडतीस म्हणालीस की मला एकतीस ऐकू येतं. आईची खाट एकतिसावी होती. दुपारचे तीन वाजले होते, तिला श्वास लागला, आणि मी तुला बोलवायला धावले. तू चार नंबरच्या खाटेवर सलाईन लावत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "आले, दोन मिनिटं." समोर भिंतीवर घड्याळ होतं. तू आलीस तेव्हा नऊ मिनिटं झाली होती.

अकरा वर्षांची होते. मी तुला हे कधी सांगितलं नाही, आणि तूही कधी विचारलं नाहीस की मी तिथं काय करत होते. तू मला घरी आणलंस, वाढवलंस, सगळं मोजते म्हणून मोजपट्टी म्हणायला लागलीस. मला वाटायचं, तुला माहीत आहे मी पहिल्यांदा काय मोजलं.

पेन्सिलकाकांनी तुझं भाषण वाचलं तेव्हा त्यात एक वाक्य होतं, ते मी काचेमागे बसूनही कधी ऐकलं नव्हतं, कारण तू सुरुवात केलीस की मी कानांवरच्या हेडफोनचा आवाज कमी करते. "महोदय, एक सिस्टर चौथ्या खाटेवर असते तेव्हा एकतिसाव्या खाटेवर कोण असतं, ते मला या सभागृहाने सांगावं." तू हे चोवीस जानेवारीला बोललीस, आणि नंतर आणखी दोनदा. वह्यांमध्ये तारखा आहेत. तीन वेळा तू हे भर सभागृहात बोललीस, माझ्या काचेच्या खोलीसमोर, आणि मी त्याला व्यत्यय म्हणून नोंदवलं.

तर पहिला कागद हा दुरुस्तीचा अर्ज आहे. अर्ज फक्त सदस्याला करता येतो, मला नाही. "आम्ही बोललो, भिंतींनी ऐकलं, बास," हे तुझं उत्तर मला पाठ आहे. या वेळी ते नको. भिंतींचं मंत्री ऐकत नाहीत. अकरा तारखा, अकरा ध्वनिफिती आणि पेन्सिलकाकांच्या वह्यांची पानं मी जोडली आहेत. विषय एकदा जरी इतिवृत्तात आला तरी तो पुढच्या अधिवेशनाच्या यादीत घ्यावाच लागतो. अठरा वेळांचं मी काही करू शकत नाही. पुढच्या वेळी दिवा बघत जा. हे मी चिडूनच लिहिते आहे.

दुसरा कागद तुझ्या माहितीसाठी. नोकरीला लागताना एक रकाना मी कोरा सोडला होता: सभागृहाच्या सदस्याशी नातं असल्यास नमूद करावं. आत्याच्या वशिल्याने लागली असं कोणी म्हणू नये म्हणून. तूही ते पाळलंस. दोन वर्षं रोज सव्वादहाला लिफ्टपाशी अनोळखी बाईसारखं मला विचारलंस, "ताई, ही लिफ्ट वर जाते का?" आणि मी रोज म्हटलं, "हो, मॅडम." आज तो रकाना भरून, यंत्रणेच्या चुकीच्या निवेदनासह, सचिवांना दिला. निवेदनात सव्वीस तारीखही लिहिली आहे. आता मला इतिवृत्ताच्या कामावर राहता येणार नाही, आणि चौकशी होईल. यंत्रणा कायम करण्याचा निर्णय समितीने थांबवलाय. सचिव म्हणाले, "हे आधी सांगितलं असतं तर?" मी म्हटलं, तोच प्रश्न मलाही आहे.

ते नऊ मिनिटांचं मात्र कुठल्याच कागदावर नाही. ते फक्त तुला. तुझा हिशोब माझ्यापेक्षा वेगळा असेल, आणि तो मी कधी ऐकला नाही. सांगशील तेव्हा मध्ये बोलणार नाही.

सही निळ्या शाईने कर, काळी ते परत पाठवतात. उद्या सव्वादहाला मी लिफ्टपाशी असेन. माझा पास शुक्रवारपर्यंत चालतो. नेहमीचाच प्रश्न विचार. "हो, मॅडम" म्हणणार नाही, शेजारी सभापती उभे असले तरी.

तू मागितलेल्या दोन मिनिटांची नऊ झाली, ती सोळा वर्षं धरून बसलेली,
तुझी मोजपट्टी