बीड जिल्ह्यात कोठेही नसलेले झाड

२ फरवर्दी १३३४ फसली. सकाळ.
तारखा यापुढे निजाम सरकारच्या, माघाला फरवर्दी म्हणायचे. भावी दारोग्याने तिथ्या लिहीत बसू नये. जिल्ह्याचे तालुकदारसाहेब बीडला सरकारी बाग करणार, तिला झाडांचा जाणकार दारोगा हवा, हे नक्की. पावसाच्या तोंडाला साहेब स्वतः उमेदवार पाहायला येणार. सगळ्या चौसाळ्यात मुंबईचा बियाणांचा कॅटलॉग माझ्या एकट्याकडे आहे. म्हणजे प्रश्न मिटला. तरी साहेबांच्या कानावर जाईल असे एक मोठे काम करून ठेवतो: वनस्पतिप्रेमी मंडळ, आणि मंडळाची औरंगाबादच्या बागांना सहल. लीडर मी.

४ फरवर्दी.
सभासद अकरा, लायकी शून्य. शेजारच्या छबुबाईला शास्त्रीय नाव म्हणजे काय हेच ठाऊक नाही. परसात जे खुपसते ते फोफावते, पण त्यात तिची काय अक्कल? फळवाला मुनव्वरही येतो म्हणाला. फळे विकणे वेगळे आणि वनस्पती समजणे वेगळे, असे त्याला स्पष्ट सांगितले. तो म्हणाला, "बराबर हाय, सुंदररावसाब. मला निस्तं विकायचं समजतं." निदान कबूल तरी करतो.
घरातून विचारणा झाली की तुम्ही आजवर एक तरी झाड जगवलंय का. तुळस गेली ती हवेमुळे.

१२ फरवर्दी. पहाटे.
मोटार निघाली. मी ड्रायव्हरशेजारी, लीडरला पुढचे दिसावे लागते. मांजरसुंब्याच्या घाटात दोन्ही बाजूंना नुसत्या वाळक्या काटक्या. मंडळींना सांगितले, इथे बघण्यासारखे काही नाही, डोळे मिटून विश्रांती घ्या. छबुबाई तरी बघतच राहिली. म्हणे, "औंदा लई फळ धरंल." काटक्यांना! अशा लोकांना मी बागा दाखवणार.

१३ फरवर्दी. औरंगाबाद.
प्रोग्राम: आठ ते दहा बाग, मग पाणचक्की, मग मकबरा. साडेनऊला पाहतो तर मुनव्वर गुडघाभर चिखलात बसून बागेच्या माळ्याकडून आंब्याचे कलम बांधायला शिकतो आहे. छबुबाई गळलेल्या बिया वेचून पदराच्या गाठीत बांधते आहे. पाणचक्कीच्या हौदावर मी पाण्याच्या नियोजनावर व्याख्यान दिले. अर्ध्या तासाने मागे वळलो तर श्रोता एक फकीर, तोही झोपलेला. मंडळ वडाखाली शेंगा खात होते. मकबरा रद्द केला. यांना मकबरा दाखवून उपयोग नाही.

त्याच दिवशी, दुपारी.
मोठा विजय! एकटाच बागेत परत गेलो. माळ्याला म्हणालो, बीड जिल्ह्यात कोठेही नसेल असे झाड द्या. तो आठवत बसला. मला तेवढा वेळ नव्हता. कुंड्यांच्या रांगेत सगळ्यांत लांब नावाचे लेबल मीच निवडले: अनोना स्क्वामोसा. सध्या नुसती हातभर काडी, पान एकही नाही, पण रुबाब लपत नाही. माळी काही सांगू लागला, त्याला थांबवले. मग त्याने मी कुठला ते विचारले. बीडकडचा म्हणताच तो इतका हसला की त्याला हौदाच्या काठावर बसावे लागले. कुंडी तशीच देऊन टाकली. गुणी माणूस भेटला की शहरातले लोक असे खूष होतात.

१४ फरवर्दी.
परतीची सगळी वाट कुंडी मांडीवर. पाय माझे आहेत की नाहीत, समजत नाही. गेवराईला मोटार थांबली तेव्हा छबुबाईने काडी नखाने खरवडली, वास घेतला आणि म्हणाली, "आवं सुंदरराव, ह्ये तर..." मी हात वर केला. शास्त्रीय नमुन्याला नख लावत नाहीत. मग ती मुनव्वरकडे बघून पदरात तोंड खुपसून बसली. धुळीने खोकला झाला असावा.

३ अर्दिबेहेश्त.
काडी जशीच्या तशी. रोज पावशेर दूध घालतो. घरात चहा कोरा, आणि चेहरे त्याहून कोरे. मुनव्वरने घरी येऊन बांधलेल्या तिन्ही कलमांना फूट आली म्हणे. आंबे! जणू बीडने आंबा पाहिलाच नव्हता.

९ तीर.
अनोनाला पाने फुटली! आजच छबुबाईची शेळी दावे तोडून परसात शिरली. तिने जाई खाल्ली, गवती चहा खाल्ला, कॅटलॉगची 'के'पासून पुढची सगळी पाने खाल्ली. अनोनाला मात्र नुसते हुंगून मागे सरली. मुक्या जनावरालाही कुळ कळते. दारोगापदाच्या अर्जीत हा मुद्दा घातला: सदर वृक्षास शेळी तोंड लावीत नाही.
छबुबाईला शेळीबद्दल झापले. ती म्हणाली, "त्याला शेळी कावून तोंड लावंल? आजवर कंदी लावलं न्हाई." आजवर! झाड येऊन तीन महिने झालेत. अडाण्यांना काळाचे भान नसते.

२१ अमरदाद. संध्याकाळ.
साहेब आले. तपशील लिहिण्यासारखा नाही.
तरी लिहितो. चावडीपुढे सगळा गाव. उमेदवार दोन: मी आणि, हसू येते, मुनव्वर. मी कुंडीवरचे लाल फडके काढले आणि म्हणालो, हुजूर, हे झाड अख्ख्या बीड जिल्ह्यात नाही. गाव एकदम गप्प. मला वाटले, आदराने. साहेबांनी पान चुरगळून हुंगले आणि मुनव्वरला विचारले, हे काय? मुनव्वरने आधी माझ्याकडे पाहिले. मग म्हणाला, "हुजूर, शास्त्राचं नाव मला येत न्हाई." साहेब म्हणाले, तुला येते ते सांग. त्याने मान खाली घातली.
"सीताफळ, हुजूर."
जिल्ह्यात अशी झाडे किती, असे साहेबांनी विचारले. तो म्हणाला, "एका मांजरसुंब्याच्या घाटातली मोजायची तर उमर जाईल." मागून कोणीतरी ओरडले, "आन् सुंदररावांनी तितं आमाला डोळे मिटाय लावले!" साहेबांचा चपराशीसुद्धा हसला. चपराशी!

२२ अमरदाद.
दारोगा मुनव्वर. वशिला असणार. कोणाचा, ते शोधतो आहे.

६ शहरेवर.
वशिला सापडला नाही. मुनव्वर घरी आला, कोरा चहा प्याला. सरकारी बागेला कुंपण करायचे आहे, आणि साहेबांना माझ्या अर्जीतली एक ओळ फार पसंत पडली आहे. शेळीची. म्हणून कुंपण सीताफळाचे. रोपे आणायला मंडळ परवा घाटात जाणार. झाडे दाखवणार छबुबाई. पुढच्या बाकावर तीच बसेल.
मी नाव दिले आहे. मागे, घमेल्यांजवळ, एक जागा होती.