पाच धर्मगुरू आणि एक मोटारसायकल

४ मार्च, सकाळी
आजपासून कादंबरी. खुनाची. शहरात धर्मगुरूंचे खून पडताहेत आणि दोन पोलीस, जोडीदार, तपास करताहेत. एक बुटका, तापट. दुसरा लंबू, थंड. दाढी करताना सुचलं. दाढी अर्धी राहिली. कलेसाठी काहीतरी सोडावं लागतं.

ताईची अट : तिच्या मागच्या खोलीत राहायचं तर कादंबरी महिनाअखेर पुरी करायची. नाही झाली तर एक तारखेपासून भाऊजींच्या लॉन्ड्रीत इस्त्रीला उभं राहायचं. मी लगेच हो म्हटलं. ताई म्हणाली, तू इतक्या पटकन हो म्हणतोस ना, तेव्हाच मला भीती वाटते. तिला साहित्यातलं कळत नाही.

५ मार्च
पहिलं प्रकरण फत्ते. म्हातारे धर्मगुरू पहाटे प्रार्थनागृहात मरून पडलेले. अंगावर काटा आला, माझ्याच. ताईला वाचून दाखवलं. भाजी निवडता निवडता म्हणाली, बरं, मारलं कोणी? म्हटलं, ते शेवटी कळेल. ती म्हणाली, तुला की आम्हाला?
वाचकाला उत्सुकता लागली. जमतंय.

९ मार्च
जोडीदार मोटारसायकलवरून घटनास्थळी निघाले. पण चालवणार कोण? बुटका मागे बसायचा नाही, स्वभावच तसा. आणि पुढे बसला तर पाय टेकायचे नाहीत. सिग्नलला कायदा आणि सुव्यवस्था दोन्ही आडवी. अशा गोष्टीची खात्री न करता लिहिणं म्हणजे वाचकाची फसवणूक. उद्या गॅरेजवाल्याकडे जातो. तासाभराचं काम.

१३ मार्च
अजून गॅरेजातच. कार्बुरेटर खोलता येतो. बसवायचं उद्या बघू.

१४ मार्च
गॅरेजवाला म्हणाला, भाऊ, तुम्ही आता घरी जाऊन लिहा, ज्याचा कार्बुरेटर आहे तो माणूस बाहेर उभा आहे. माझ्या लेखनाची याला किती काळजी.

१६ मार्च
अडलं. दोन दिवस जोडीदार सिग्नलला उभे. शेवटी शहराच्या दुसऱ्या टोकाला एक धर्मगुरू मारला. लगेच हात मोकळा झाला, चार पानं सपासप. पद्धत सापडली. अडलं की धर्मगुरू मारायचा.

२० मार्च
पाच मेले. जोडीदार अजून पहिल्याकडे पोचायचेत. बुटका रुसलाय.

२२ मार्च, संध्याकाळ
सहावा खून अस्सल हवा. म्हणून गल्लीच्या टोकाच्या प्रार्थनागृहात जाऊन खऱ्या धर्मगुरूंना भेटलो. फार सज्जन. विचारलं, तुम्ही एकटे कधी असता? मागच्या दाराला कडी असते का? ओरडलात तर कुणाला ऐकू जाईल? त्यांनी सगळं सांगितलं, फक्त आवाज जरा बारीक झाला होता. कडीबद्दल म्हणाले, आजपासून असते. मग माझं नाव-पत्ता आपणहून विचारून घेतला. निघताना सांगितलं की आधी पाच झालेत, तुमचा नंबर सहावा. पुस्तकाचं बोललो नाही. छापून आल्यावर सरप्राइज.

२३ मार्च
नशीब काढलं. घरी दोन पोलीस आले. जोडीदार. मी आपणहून बोलावले असते तर आले नसते. साहेब जाडे, मिशीवाले. धाकटा लिहून घेणारा. साहेबांनी विचारलं, आधीचे पाच कोण? मी एकेकाचं सविस्तर सांगितलं. एकाला दोरीनं, दोघांना दुधातून. असे श्रोते मिळायला भाग्य लागतं. धाकट्याचा तर घाम पुसायलाही हात रिकामा नव्हता. मोटारसायकल कोण चालवतं विचारलं तर म्हणाले, जीप आहे, बस आत. हस्तलिखितही बरोबर घेतलं. इतका रस.

२४ मार्च, पोलीस चौकी, बाकावर
साहेबांनी अख्खी कादंबरी वाचली. म्हणाले, खुनी कोण? म्हटलं, ठरायचंय. म्हणाले, पाच माणसं गेली आणि तुझे पोलीस एका सिग्नलवर? ती व्यक्तिरेखांची उभारणी आहे, मी समजावलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

ताईला बोलावलं. ती म्हणाली, साहेब, हा मारायला घेईल, पण पुरतं मारणार नाही. घरात या, अर्धी भिंत रंगवलेली दाखवते. धाकट्यानं हे जबाबात उतरवलं. धर्मगुरूही आले होते, ऐकून त्यांचा चेहरा खुलला. तक्रार मागे घेतो म्हणाले.

असल्या मुद्द्यावर सुटायचं? मी आक्षेप घेतला. म्हटलं, मनावर घेतलं तर मी कुणालाही पुरता मारू शकतो. साहेबांनी पेनवाल्या धाकट्याकडे बघितलं. ताईनं असा चिमटा काढला की काळंनिळं झालंय. साहेब म्हणाले, बाई, याला घेऊन जा, माझा विचार बदलायच्या आत.

२९ मार्च
चिमटा दुखत असल्यामुळे लेखन बंद होतं. अजून दोन दिवस आहेत. भरपूर.

३१ मार्च, दुपार
कादंबरी पूर्ण. खुनी कोण हे ठरेना, म्हणून सिग्नलवर मागून ट्रक आणला. दोन्ही जोडीदार जागच्या जागी. तपास करणारंच कोणी उरलं नाही, म्हणजे प्रश्नच मिटला.

ताईनं उभ्या उभ्या शेवटचं पान वाचलं. म्हणाली, याला संपवणं म्हणत नाहीत बाळा, याला गाडी रस्त्यात टाकून पळणं म्हणतात. मग भाऊजींना हाक मारली. भाऊजी आतून म्हणाले, सकाळी आठला आंघोळ करून ये.

१ एप्रिल
लॉन्ड्री. हे तात्पुरतं आहे, भाऊजींना तसं स्पष्ट सांगितलं. ते हो म्हणाले आणि एक पांढरा शर्ट पुढ्यात टाकला. कॉलर अशी केली की गिऱ्हाईकानं बघत राहावं. पाठ, खिसा, बटणपट्टी, सगळं कडक. मग रस्त्यावर कुणाची तरी गाडी बंद पडली होती, ती बघून आलो.

शर्ट छान झाला. एक बाही राहिली होती, ती भाऊजींनी केली.