आधी इंजिन बंद

३ मार्च

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघी ठीक आहोत. आईचे गुडघे कुरकुरतात, पण जिभेची धार तशीच आहे. तुझा पत्ता मावशीकडून मागून घेतला. तिच्यावर चिडू नकोस, मीच पिच्छा पुरवला.

एक बातमी आहे. मी बोट चालवायला शिकले. हसू नकोस. आमच्या दवाखान्याची मोटरबोट पलीकडच्या वस्त्यांवर औषधं नेते. ती चालवणारे काका निवृत्त झाले आणि दुसरं कुणी मिळेना. सुरक्षेचं प्रमाणपत्र असल्याशिवाय बोटीला हात लावायचा नाही, असा नियम. डॉक्टरबाई म्हणाल्या, "सिस्टर, तुम्हीच का नाही शिकत?" अकरा वर्षांत मी बोटीत पाय ठेवलेला नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आणि का, ते सांगण्यापेक्षा हो म्हणणं सोपं होतं.

वर्गात सगळी माझ्या निम्म्या वयाची. मास्तरांचा आवाज भोंग्यासारखा. गाठ मारताना माझी बोटं अडखळली की म्हणायचे, "सिस्टर, माणसाला टाके घालता, मग दोरीला काय घाबरता?"

तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "माणूस बोटीच्या मागच्या कडेवरून पाण्यात पडला. आधी काय करायचं?"

मी पटकन म्हणाले, "बोट वळवायची. त्याच्याजवळ न्यायची."

"आणि इंजिनाच्या पंख्याने कापायचा त्याला?" सगळे हसले. "आधी इंजिन बंद. बाकी सगळं नंतर."

मी ते वहीत उतरवून घेतलं. पुढचं काही कानात शिरलं नाही.

त्या दिवशी तू तेच केलं होतंस. बाबा पडले, तू इंजिन बंद केलंस. मी किंचाळत होते, "वळव, वळव!" तू दोर फेकलास, तो त्यांच्या हाती लागेना, मग स्वतः उडी मारलीस. आणि काठावर जमलेल्या प्रत्येकाला मी सांगितलं, "हा घाबरला. इंजिनच बंद केलं याने, नाहीतर बाबा वाचले असते." आईला तेच सांगितलं. चौकशीच्या साहेबांनाही तेच. तू एकदाही उलटून बोलला नाहीस. महिन्याभरात पिशवी भरून निघून गेलास, तेव्हा मी म्हटलं, बघा, मन खातंय त्याला.

अजाणता बोलले, असं म्हणून इथेच थांबता आलं असतं. थांबणारही होते. पण परीक्षेच्या दिवशी परीक्षकांनी लाइफ जॅकेट हातात दिलं. "पट्टे लावून दाखवा." माझ्याने पट्टा लाववेना. त्यांना वाटलं, परीक्षेची भीती.

त्या दिवशी तू तिघांसाठीही जॅकेटं बाहेर काढून ठेवली होतीस. बाबांनी त्यात एक हात घातलाही होता. मीच म्हणाले, "पाच मिनिटांचं तर पाणी. कशाला त्यांचं बुजगावणं करतोस?" बाबा हसले आणि त्यांनी जॅकेट बाकाखाली सारलं. हे ऐकणारा तू एकटा उरलास, आणि तू कुणापाशी बोलला नाहीस. इंजिनाचं मी एवढं ओरडून सांगितलं ते याचसाठी, की हे कुणी विचारू नये.

पास झाले. प्रमाणपत्र घेऊन घरी आले आणि आईला सगळं सांगितलं. ती मटार सोलत होती. दाणे आणि सालं एकाच भांड्यात टाकत राहिली. मग तीन दिवस माझ्याशी अबोला.

आज मी लिहायला बसले, तर शेजारी येऊन बसली. म्हणाली, "वाच काय लिहिलंस ते." वाचलं. मग म्हणाली, "माझंही लिही. मी त्याला एकदाही विचारलं नाही, काय झालं म्हणून. तुझं ऐकलं आणि माझ्या पोराला दार बंद केलं. अगदी असंच लिही."

लिहिलं.

उत्तर दे, असं म्हणत नाही. काही मागायचा हक्क मी केव्हाच घालवला. तू बरोबर होतास, हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. तिथे हात धजावला नाही, म्हणून शेवटी लिहिते.

तू बरोबर होतास.

ताई